हेम्प लावायचंय? मग बी शोधायच्या आधी हे वाचा

हेम्प म्हणजे धागा आणि बियांसाठी लावतात ती कमी नशेची भांग. तिचे व्हिडिओ बघून बरेच जण थेट बी कुठं मिळेल ते विचारतात, पण सुरुवात तिथून करायचीच नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा 1985, त्याच्या कलम 8 प्रमाणे भांगेचं झाड लावायलाच बंदी आहे, धाग्यासाठी लावा नाहीतर बियांसाठी. वाट आहे ती कलम 14 मध्ये, सरकार आदेश काढून धागा किंवा बी यासाठी लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 मध्ये परवाना दिला, हिमाचलने जानेवारी 2025 मध्ये पायलटला, म्हणजे प्रायोगिक लागवडीला, मंजुरी दिली.

म्हणून आधी आपल्या राज्याच्या उत्पादन शुल्क खात्यात जाऊन असा आदेश निघालाय का ते विचारा, निघाला असेल तर कॉपी घ्या आणि परवाना कोण देतं ते त्यातच वाचा. कुणी तोंडी "चालतंय हो" म्हणालं म्हणून एक रोपही लावू नका, विनापरवाना लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. नुसतं पान कायद्यातल्या गांजाच्या (म्हणजे फुलोऱ्याच्या शेंड्यांच्या) व्याख्येत येत नाही हे खरंय, पण म्हणून झाड लावायची मोकळीक मिळत नाही, इथं खूप जण फसतात.

परवाना मिळाला की मग बी. उत्तराखंडात टीएचसीची, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या द्रव्याची, मर्यादा 0.3 टक्के आहे आणि डोंगरातली रानटी भांग ती सहज ओलांडते, त्यामुळे त्या लॉटचा लॅब रिपोर्ट असल्याशिवाय बी घेऊ नका. फुलोरा पिकत जातो तसं टीएचसी वाढतं, म्हणून कापणीआधी शेंड्यांचं सॅम्पल तपासून घ्या.

आता माल विकणार असाल तर नीट लक्ष द्या. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर 2021 मध्ये हेम्पचं बी, तेल आणि पीठ खाण्यात चालेल असं सांगितलं, पण तिथं 0.3 टक्के चालत नाही! बी आणि पिठाला किलोमागे 5 मिलीग्रॅम टीएचसी, तेलाला 10. 0.3 टक्के म्हणजे किलोमागे 3000 मिलीग्रॅम, फरक बघा केवढा आहे. रिपोर्ट हातात आला की आधी आकडा नाही, युनिट बघा, मग बॅच नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळवा. लेबलवर नशा किंवा झिंग सुचेल असं काहीही नको. पानाचा अर्क असलेलं तेल यात बसतच नाही, ते औषध म्हणून आयुषच्या (आयुर्वेदासारख्या पारंपरिक औषधांच्या) परवान्यात जातं, त्याची फाईल वेगळी करावी लागते.