देव की डार्विन? वाद घालताना या चुका टाळा

आमच्या बेळगाव-खानापुराकडं चर्चच्या बाहेर हा विषय निघाला की दहा मिनिटात आवाज चढतो, आणि चुका ठरलेल्याच असतात बघा.

"माकडापासून माणूस झाला तर आत्ता माकडं कशी काय उरली?" हा प्रश्न आधी बंद करा की हो. आजची माकडं आपले आजोबा नव्हेत, भावकी आहे ती. चिंपांझीचा आणि आपला मूळपुरुष साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी एकच होता, पुढं वाटण्या झाल्या.

दुसरं, चर्च म्हणजे उत्क्रांतीच्या विरोधातच असणार असं धरून चालू नका. कॅथलिक चर्चनं 1950 लाच, पोप पायस बारावे यांच्या काळात, शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला मोकळीक दिली, फक्त आत्मा देवच घडवतो हे ठाम ठेवलं. काही प्रॉटेस्टंट मंडळी बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातले, देवानं जग घडवलं ते सहा दिवस शब्दशः धरतात ते वेगळं, म्हणून समोरचा कुठला आहे ते आधी विचारा.

पण खरा घोळ होतो तो विज्ञानाला उत्तर सापडलं नाही तिथं देवाला नेऊन बसवण्यात. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ घ्या. त्याचा पंख म्हणजे लांबलेली बोटं आणि मधी ताणलेलं कातडं, हाडं मोजली तर आपल्या हातासारखीच. कोणीतरी म्हणतं, असला पंख आपोआप होईल काय, इथं देवानं थेट हात घातला. मग 2008 साली अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीच्या वटवाघळाच्या जीवाश्माची माहिती छापून आली, पाचही बोटांना नख्या असलेल्या, म्हणजे मधली एक पायरी सापडली. आता देवानं काय तिथनं उठून पुढच्या, उत्तर न सापडलेल्या फटीत जाऊन बसायचं? त्यापेक्षा हार्वर्डचे वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे बघा, पक्के ख्रिश्चन आणि डार्विनचे अमेरिकेतले खंदे समर्थक, त्यांना ही अख्खी प्रक्रियाच देवाची वाटायची.

नास्तिक मित्रांनीपण उड्या मारू नयेत. बोट कसं लांबलं हे विज्ञान सांगतं, देव आहे का नाही हे त्या हाडात लिहिलेलं नसतं. डार्विननं स्वतः 1879 च्या पत्रात लिहिलंय की कट्टर आस्तिक माणूस उत्क्रांती मानू शकतो, यात शंका घेणंच त्याला चमत्कारिक वाटत होतं.

आणि डार्विननं मरताना पश्चात्ताप करून येशूला स्वीकारलं, हा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला तर पुढं ढकलू नका, त्याच्या मुलीनं, जी शेवटी त्याच्याजवळ होती, 1922 मध्येच ते खोटं म्हणून छापून सांगितलंय.