लिनक्सचा सर्व्हर गळ्यात पडलाय? मग जरा दमानं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडात मी हिशोब, बिलं, जीएसटी असलं सगळं बघतो, कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणाल तर टॅली आणि एक्सेल, बास. आमच्या मालकांना कुणीतरी सांगितलं की जुन्या पीसीवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली की फुकटात सर्व्हर होतोय, ड्रॉइंगच्या फाईली सगळ्यांना एका जागी मिळतील. ज्या पोरानं बसवून दिला तो महिन्याभरात पुण्याला नोकरीला गेला आणि मालक मला म्हणाले, "आता तुम्हीच बघा की." असं कुणाच्या गळ्यात पडलं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय. कमांड उच्चारासारख्या लिहिल्यात, मशीनवर इंग्रजीत स्मॉल अक्षरांतच टाकायच्या.

सगळ्यात आधी, चालू सर्व्हरवर शिकायला बसू नका. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात उतरायच्या आधी तालमीत चार वेळा माती खाल्लेली बरी. आपल्या विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, फुकट आहे, त्यात एक खोटं मशीन तयार करायचं, 2 जीबी रॅम आणि 25 जीबी डिस्क दिली तरी शिकायला भरपूर होतंय. कुठला लिनक्स घ्यावा यावर आठवडा घालवू नका, खऱ्या सर्व्हरवर जो आहे तोच घ्या. कुठला आहे ते कळायला तिथं कॅट, स्पेस, स्लॅश ईटीसी स्लॅश ओएस डॅश रिलीज एवढं टाका, नाव आणि आकडा दिसतो. आमचा निघाला उबुंटू 24.04, म्हणजे 2024 च्या एप्रिलचा. एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा, असतो त्याला पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट फुकट मिळतात, सर्व्हरला तसलाच बरा. खोटं मशीन उभं राहिलं की त्याचा स्नॅपशॉट काढून ठेवायचा आणि मग पाहिजे तेवढं बिघडवायचं, दोन क्लिकमध्ये परत पहिल्यासारखं. मी पहिल्या आठवड्यात सहा वेळा बिघडवलं, आणि खरं सांगायचं तर त्यातनंच शिकलो, व्हिडिओ बघून नाही.

टर्मिनलची, म्हणजे कमांड टाकायच्या खिडकीची, भीती दोन-चार दिवसांत जाते. मात्र काही गोष्टी कुणी सांगत नाही. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, तारे पण नाहीत, मी कीबोर्ड गेला म्हणून लक्ष्मीपुरीतनं नवीन आणला. कंट्रोल सी म्हणजे इथं कॉपी नाही, चालू काम थांबवणं, कॉपी करायला मध्ये शिफ्ट पण दाबायचा. अर्धं नाव टाकून टॅब दाबला की उरलेलं तोच भरतो. कॅपिटल बी चा बिल फोल्डर आणि स्मॉल बी चा बिल फोल्डर हे दोन वेगळे फोल्डर आहेत, ह्यावरनं आमच्यात भांडणं झालीत. आणि एरर आली की घाबरून खिडकी बंद करू नका, वाचा, पर्मिशन डिनाइड, नो सच फाईल, असं सरळ लिहिलेलं असतं. सेवा बंद पडली तर सिस्टमसीटीएल स्टेटस आणि पुढं सेवेचं नाव, आमच्या फाईल शेअरिंगला एसएमबीडी, खाली शेवटच्या ओळी येतात त्यातच निम्मं उत्तर असतंय.

सुडो हा शब्द पुढं लावला की कमांड सगळ्या अधिकारानं चालते, म्हणजे मालकाची सही केलेला कोरा चेक. इंटरनेटवरनं उचललेल्या कमांडच्या पुढं सुडो दिसला तर प्रत्येक शब्द काय करतोय ते मॅन ह्या माहिती देणाऱ्या कमांडनं बघा, मगच एंटर. आणि कुणी सांगितलं की परवानगीचा घोळ आहे, सगळ्याला 777 देऊन टाक, तर हात जोडा. चार म्हणजे वाचणं, दोन म्हणजे लिहिणं, एक म्हणजे चालवणं, बेरीज सात, आणि तीन साता म्हणजे फाईलचा मालक, तिचा ग्रुप आणि आलागेला कुणीबी, तिघांनाही सगळं मोकळं. घराला दारच नाही असं झालं ते.

आता मुख्य गोष्ट, हिच्यात माझे दोन दिवस गेले. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असं नसतंय. सगळं एकाच झाडावर, सुरुवात स्लॅशपासनं. बाहेरची हार्डडिस्क लावली तरी ती एखाद्या रिकाम्या फोल्डरवर टेकवायची, त्याला माउंट करणं म्हणतात. आमचा बॅकअप असाच, रात्री अकराला एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी कमांडची यादी, सगळी ड्रॉइंगं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायची. एका पावसाळी दुपारी लाइट गेली, यूपीएसनं पण मान टाकली, मशीन बंद होऊन परत चालू झालं. सगळं चालतंय म्हणून मी पण गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचीच फाईल सेव्ह होईना. डिस्क किती भरलीय ते बघायला डीएफ, स्पेस, डॅश एच टाकलं तर मुख्य डिस्क 100 टक्के भरलेली.

बघतो तर बाहेरची डिस्क माउंटच नाही. म्हटलं सापडलं, हातानं माउंट केली, तरी 100 टक्केच. मग डीयू नं फोल्डरवार जागा मोजली, तर बेरीज सव्वाशे जीबीच्या आसपास, आणि डीएफ म्हणतंय दोनशेच्या वर गेलेत. ऐंशी-पंच्याऐंशी जीबी गेले कुठं? दोन दिवस हाच खेळ, मालक येता-जाता बघून जायचे, बोलायचे काही नाहीत, तेच जास्त लागायचं.

झालं होतं असं. डिस्क माउंट नसताना पण तो रिकामा फोल्डर तिथं होताच, स्क्रिप्टला काय कळतंय, तिनं रात्रभर त्या फोल्डरमध्येच, म्हणजे मुख्य डिस्कवरच सगळं ओतलं. आणि मी नंतर वर डिस्क टेकवली तशी खालची फाईल झाकली गेली. जागा खातेय पण दिसत नाही, डीयूला पण सापडत नाही. डिस्क अनमाउंट केली आणि फोल्डर उघडला, सगळा ढीग समोर! इथं एक सांभाळा, पुसायच्या आधी फाइंडएमएनटी टाकून तिथं खरंच काही माउंट नाही ना ते बघा, नाहीतर खऱ्या बॅकअपवरच झाडू फिरेल. मी तीनदा बघितलं, तरी एंटर दाबताना हात थरथरत होता.

पक्का इलाज दोन जागी. एक, स्लॅश ईटीसी मधली एफएसटॅब नावाची फाईल, मशीन चालू होताना काय कुठं माउंट करायचं ते तिच्यात असतं, आमच्या त्या पोरानं तिच्यात ओळच टाकली नव्हती. डिस्कचा यूयूआयडी नंबर एलएसबीएलके डॅश एफ टाकून मिळतो, तोच द्यायचा, कारण एसडीबी, एसडीसी ही मशीननं डिस्कला दिलेली नावं बदलू शकतात. ऑप्शनमध्ये नोफेल लिहा, म्हणजे कधी डिस्क लावायची राहिली तरी मशीन चालू होतंय. आणि फाईल बदलली की थेट रीस्टार्ट नाही, आधी सुडो माउंट डॅश ए, चूक असेल तर बहुतेक वेळा तिथंच ओरडतंय. ह्या फाईलमधली चूक रीस्टार्टच्या वेळी कळली तर मशीन इमर्जन्सी मोडला जाऊन बसू शकतं, आणि ती काळी स्क्रीन मालकांसमोर बघायला नको. दोन, स्क्रिप्टच्या वरच एक ओळ, माउंटपॉइंट ह्या कमांडनं तपासायचं, डिस्क नसेल तर काम न करता बाहेर पड.

कुठलीबी सेटिंगची फाईल उघडायच्या आधी तिची कॉपी, नावापुढं तारीख लावून. नॅनो एडिटर वापरा, खाली बटणं लिहिलेली असतात. चुकून व्हीआय मध्ये घुसलात तर एस्केप, मग कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह, एंटर, आणि बाहेर. एका वेळी एकच बदल. मी उधारीच्या वहीसारखी एक वही केलीय, तारीख, काय बदललं, का बदललं. टॅलीवाल्या माणसाला हे जमतंच, उलट कॉम्प्युटर शिकलेली पोरंच हा कंटाळा करतात असं माझं मत झालंय.

अपडेटचं थोडक्यात, अॅप्ट अपडेट नुसती यादी ताजी करतो, खरं काम अॅप्ट अपग्रेड करतो, दोन्ही लागतात, आणि शेड बंद असताना करा.

लांबनं बसून काम करायचं तर एसएसएच. राउटरवरनं 22 नंबरचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका, ऑफिसच्या आतच ठेवा. फायरवॉल चालू करणार असाल तर आधी यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच, मग यूएफडब्ल्यू इनेबल. मी उलटं केलं आणि मीच बाहेर. भर पावसात छत्री घेऊन शेडात, मॉनिटर शोधून, धूळ झाडून, मशीनला लावून परत उघडलं.

आता दर शनिवारी निघताना बॅकअपच्या डिस्कवरनं कुठलंबी एक ड्रॉइंग माझ्या पीसीवर आणतो आणि उघडून बघतो. नुसतं स्क्रिप्ट चाललं म्हणून मी आता समाधान मानत नाही. परवा एका पंपाच्या बॉडीचं जुनं ड्रॉइंग आणलं, उघडलं, मापं सगळी जागच्या जागी, वहीत टिक मारली आणि कुलूप लावून घरी.