शिक्षकांनो, केंद्रप्रमुख किंवा अकॅडमिक कोऑर्डिनेटर व्हायचंय? पुढचं शिक्षण कसं निवडायचं आणि कसं करायचं

दहा-बारा वर्षं वर्गावर काढली की बऱ्याच शिक्षकांना वाटायला लागतं, आता आपण दुसऱ्या शिक्षकांसोबत काम करावं, काय शिकवायचं आणि कसं शिकवायचं यात आपलंही म्हणणं असावं. सोलापुरात असे शिक्षक भरपूर आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, एमएड करू का एमए एज्युकेशन. माझं स्पष्ट मत सांगतो, ज्या कोर्समध्ये तुम्हाला दुसऱ्याच्या वर्गात मागं बसून बघायला लावतात आणि अभ्यासक्रमातला एखादा घटक स्वतःच्या हातानं बांधायला लावतात तो कोर्स घ्या. नुसत्या नोट्स वाचून पेपर लिहायचा कोर्स केला तर सर्टिफिकेट मिळेल, पण उद्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एखाद्या शाळेत गेल्यावर बाईंच्या वर्गात बसून नेमकं काय बघायचं हे कळणार नाही.

पायरी १ : आधी पद ठरवा, मग डिग्री

झेडपीत असाल तर समोर केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी वाट असते, आणि बाजूला डाएटची, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची, अधिव्याख्याता पदं. आपल्या जिल्ह्याचं डाएट वेळापूरला आहे, माळशिरस तालुक्यात. केंद्रप्रमुखाचं पद आलं १९९४ च्या शासन निर्णयानं, राज्यात अशी ४८६० केंद्रं केली गेली. २०२२ मध्ये शासनानं ठरवलं की यातली अर्धी पदं पदोन्नतीनं आणि अर्धी मर्यादित विभागीय परीक्षेतनं भरायची. म्हणजे एमएड झालं म्हणून केंद्रप्रमुख केलं असं होत नाही, परीक्षा आणि सेवाज्येष्ठता आहेच. पण त्या खुर्चीत बसल्यावर काम नीट जमायला अभ्यास लागतोच.

खाजगी किंवा सीबीएसई शाळेत असाल तर अकॅडमिक कोऑर्डिनेटर, सुपरवायझर, मग मुख्याध्यापक. डाएटला जायचं मनात असेल तर मागच्या दोन-तीन जाहिराती काढून पात्रतेचा रकाना शब्द न् शब्द वाचा, कारण कुठल्या पदाला कुठली डिग्री चालते हे तिथंच असतं, मित्रानं सांगितलं म्हणून प्रवेश घेऊ नका.

पायरी २ : कोर्स निवडा

एमएड म्हणजे एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षं, चार सेमिस्टर, बीएडला किमान ५० टक्के लागतात आणि आपल्या राज्यात सीईटी सेलची प्रवेश परीक्षा. हजेरी कडक असते, थिअरीला ८० टक्के आणि शाळेतल्या फील्डवर्कला ९० टक्के. त्यामुळं नोकरी सांभाळून 'मॅनेज' करू असं कुणी म्हणालं तर त्याच्या नादाला लागू नका, पुढं पदवीच अडचणीत येते. नियमही बदलताहेत, एक वर्षाच्या एमएडचा मसुदा २०२५ मध्ये आला, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी एनसीटीईची वेबसाइट आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची संलग्न कॉलेजांची यादी दोन्ही बघा. केगावला विद्यापीठात जाऊन विचारलं तरी उत्तम.

नोकरी सोडता येत नसेल, आणि बहुतेकांना ती सोडता येत नाहीच, तर मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं एमए शिक्षणशास्त्र मराठीतनं करता येतं आणि शालेय व्यवस्थापन पदविकाही तिथंच आहे. इग्नूचं एमए एज्युकेशन हिंदी-इंग्रजीत आहे, त्यात शैक्षणिक व्यवस्थापन हा विशेष विषय घेता येतो आणि प्रबंधिकाही (छोटा संशोधन प्रबंध) करावी लागते, मला हा मुद्दा मोठा वाटतो. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला यूजीसीचा डेब आयडी, म्हणजे त्यांच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी नोंदणी क्रमांक, लागतो, तो आधी काढून ठेवा. आणि एवढ्यात प्रवेश नकोच असेल तर दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या संस्थेतल्या राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचा ऑनलाइन कोर्स करून बघा, या कामात आपला जीव रमतो का ते कळतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा फी विचाराच, पण अजून दोन गोष्टी विचारा, मागच्या बॅचच्या प्रबंधिका बघायला मिळतील का आणि फील्डवर्कला कुठल्या शाळेत पाठवता. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा.

पायरी ३ : परवानगी

झेडपी शिक्षकांनी प्रवेशाच्या आधी योग्य मार्गानं, म्हणजे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा अर्ज पाठवून लेखी परवानगी घ्यायची आणि आवक क्रमांकाची पोच जपून ठेवायची. अध्ययन रजा महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम १९८१ मध्ये आहे पण ती मागितली की मिळाली असं नसतं, म्हणून पाच-सहा महिने आधीच अर्ज टाका.

पायरी ४ : प्रवेशाची वाट न बघता निरीक्षणाची वही सुरू करा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि याला पैसे लागत नाहीत. शाळेतल्याच एखाद्या सहकारी बाईंना किंवा सरांना विचारा, तुमचा एक तास बघू का, आणि आदल्या दिवशी दहा मिनिटं बसून त्यांनाच विचारा की मी काय बघू. त्या म्हणतील, मागची मुलं बोलतच नाहीत हो, तेवढं बघा. झालं, तुमचा विषय ठरला. हार्वर्डमध्ये मॉरिस कोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात शिक्षक घडवताना अशीच पद्धत बसवली, आधी बोलणं, मग निरीक्षण, मग नोंदींवर विचार, मग पुन्हा बोलणं, आणि सुपरव्हिजनच्या अभ्यासात ती अजून शिकवतात.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं वेळ आणि जे दिसलं ऐकलं ते, उजवीकडं तुमच्या मनात आलेला प्रश्न. समजा चौथीचा भागाकाराचा तास आहे. डावीकडं असं येईल : ११.२०, बाई विचारतात २४ लाडू ६ जणांत वाटले तर, पुढच्या बाकावरचे तिघं हात वर करतात. ११.२१, त्यातल्या एकाला विचारलं, उत्तर ४, बाई शाबास म्हणतात. ११.२२, बाई विचारतात समजलं का, सगळा वर्ग एका सुरात हो म्हणतो. खिडकीजवळच्या दोन मुली वहीत काहीच लिहीत नाहीत. उजवीकडं : 'हो' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना खरंच आलं हे बाईंना कसं कळेल?

'छान', 'कंटाळवाणं', 'वर्ग नियंत्रण चांगलं' असले शब्द डावीकडं येऊ द्यायचे नाहीत. तास झाल्यावर बाईंना निकाल ऐकवू नका, नोंद वाचून दाखवा आणि विचारा, "बाई, ११.२२ ला त्या दोघी गप्प होत्या, तुमच्या लक्षात आलं होतं का, तेव्हा काय वाटलं?" आणि मग खरंच गप्प बसून ऐका, बाई स्वतःच सांगायला लागतात.

आपल्याकडं शाळा तपासणी म्हटलं की रजिस्टरं, पोषण आहाराचा हिशोब, शाळेची रंगरंगोटी यातच दिवस जातो, त्यामुळं शिक्षकांना सुपरव्हिजनची धास्ती बसलीय आणि ती साहजिक आहे. १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगानंच प्रशासकीय तपासणी आणि शैक्षणिक मार्गदर्शन वेगळं करा असं सुचवलं होतं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले, म्हणजे हा विचार आपल्या भागाला परका नाही.

पायरी ५ : अभ्यासक्रमाचा हात बसवा

बालभारतीचा एखादा घटक घ्या आणि त्याला चार प्रश्न लावा, जे अमेरिकेच्या राल्फ टायलरनं १९४९ मध्ये मांडले : यातून काय साधायचंय, त्यासाठी मुलांना कुठले अनुभव द्यायचे, ते कुठल्या क्रमानं लावायचे, आणि साधलं हे कसं ओळखायचं. उत्तरं एका पानात बसवा. २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि त्यावरून झालेला राज्याचा आराखडा शेजारी ठेवून वाचा, सगळं नको, तुमच्या विषयाचं आणि मूल्यमापनाचं प्रकरण पुरे.

पायरी ६ : प्रबंधिकेचा विषय सोलापुरातलाच घ्या

'शिक्षकांचा दृष्टिकोन, एक अभ्यास' असले विषय ढिगानं झालेत. आपल्या इथं विषयांची कमी आहे का? शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी मुलं मराठी माध्यमात येतात, त्यांना पहिलीत गणिताचे शाब्दिक प्रश्न कसे कळतात? अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं कन्नड बोलणारी पोरं आहेत. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांसोबत कारखान्याच्या परिसरात आलेली मुलं मध्येच वर्गात बसतात, त्यांच्यासाठी घटकांचा क्रम बदलता येतो का? यातला एकच प्रश्न, दोन-तीन शाळा, एक इयत्ता, एवढंच घ्या, कारण मोठा विषय घेतला की नोकरी करता करता डेटा गोळा होत नाही. ज्या शाळांत जाणार तिथल्या मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि मुलांची नावं कुठंही लिहू नका.

काम झालं की प्रत फक्त कॉलेजच्या कपाटात जाऊ देऊ नका. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, वीस मिनिटं मागून घ्या, ज्या शिक्षकांच्या वर्गात बसला होता त्यांना आधी विचारून, जमलं तर त्यांनाच सोबत बोलायला उभं करा, आणि काय दिसलं व पुढच्या महिन्यात काय करून बघता येईल ते एका पानावर मराठीत लिहून प्रत्येक शाळेला द्या.