स्पेशल एडिशन घ्यावी की नव्या मॉडेलसाठी थांबावं? अमेरिकेत मसल कार घेणाऱ्यांसाठी

एखाद्या मसल कारची, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या ताकदवान अमेरिकन गाडीची, चालू पिढी संपत आली की कंपनी तिची स्पेशल एडिशन काढते. त्याच सुमारास पुढच्या पिढीचे झाकलेले, पट्ट्यापट्ट्यांच्या आवरणातले फोटो बाहेर येऊ लागतात. ज्याच्याकडे एकाच गाडीपुरते पैसे आहेत, त्याला यातलं एक सोडावंच लागतं. अमेरिकेत हा पेच नवा नाही, आणि तो सुटल्यावर काय झालं हेही आता आपल्यासमोर आहे. त्यामुळे अंदाजाने ठरवायची गरज नाही.

आधी स्पेशल एडिशनचं लोखंड आणि तिचा साज वेगळा करा

कंपनीचं ऑर्डर गाइड, म्हणजे कोणत्या आवृत्तीत काय मिळतं याची यादी, उघडा आणि कागदावर दोन रकाने आखा. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ब्रेक, कूलिंग यांत जे बदललंय ते एका बाजूला लिहा. रंग, पट्टे, बॅज, शिलाईचा दोरा, नंबर कोरलेली पट्टी हे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या रकान्यातलं बहुतेक सगळं नंतर बाहेरून करून घेता येतं. पहिल्या रकान्यातलं तसं करता येत नाही, किंवा आलं तरी परवडत नाही.

फोर्ड मस्टँगची २०१२-१३ची बॉस ३०२ या कसोटीवर तपासून बघा. साध्या जीटीत, म्हणजे मस्टँगच्या नेहमीच्या मॉडेलात, ५ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन २०१२ साली ४१२ अश्वशक्ती देत होतं. बॉसमध्ये तेच ४४४ वर गेलं होतं. नुसतं सॉफ्टवेअर बदलून हे झालेलं नव्हतं. इंजिनात हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्ड वेगळा होता, सिलिंडर हेड मशीनवर कोरून मोकळे केले होते, कनेक्टिंग रॉड फोर्ज केलेले होते आणि इंजिन ७५०० आरपीएमपर्यंत चढायचं. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टोकाला खाच होती. साध्या स्क्रू ड्रायव्हरने ते पाच टप्प्यांत घट्ट-सैल करता यायचे. मागच्या चाकांच्या पुढे, बाजूला, एक्झॉस्टची जादा तोंडं होती आणि त्यांतल्या चकत्या बोल्ट उघडून काढता यायच्या, म्हणजे आवाज आणखी मोठा. शिवाय लाल रंगाची वेगळी चावी मिळायची. ती लावली की इंजिनचं नियंत्रण थेट रेसट्रॅकच्या हिशेबाने चालायचं. अशा गाडीचा पहिला रकाना भरगच्च असतो. असा रकाना दिसला तर माझं मत सरळ आहे: थांबायला फार मोठं कारण हवं.

पहिला रकाना रिकामा आणि दुसरा भरलेला असेल तर स्पेशल एडिशनचा मोह सोडून द्या. मग तुमची निवड चालू पिढीचं साधं मॉडेल आणि येणारं नवं मॉडेल यांच्यातच आहे, आणि ती बरीच सोपी आहे.

नव्या मॉडेलबद्दल नक्की काय ठरलंय ते शोधा

लोक घसरतात ते इथे. 'नवी येतेय' एवढ्यावर थांबू नका. कंपनीने काय जाहीर केलंय, नुसतं कॉन्सेप्ट, म्हणजे नमुना म्हणून काय दाखवलंय आणि निव्वळ चर्चा कोणती, हे वेगवेगळं लिहून काढा. थांबायचं ते फक्त जाहीर झालेल्या गोष्टींसाठी.

अलीकडच्या तीन गाड्यांचं तीन तऱ्हांनी झालं, म्हणून हे इतकं सांगतोय.

मस्टँगची नवी पिढी डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाली आणि २०१५चं मॉडेल म्हणून आली. तिच्यात एक मूलभूत सुधारणा होती. आधीच्या मस्टँगमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलला जोडलेली असायची. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही हिसका बसायचा आणि खडबडीत वळणावर गाडीचा मागचा भाग उडायचा. नव्या गाडीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं. साध्या जीटीची ताकदही ४३५ अश्वशक्तीवर, म्हणजे बॉसच्या जवळ पोचली. पुढे २०१६ मॉडेलची शेल्बी जीटी ३५० तर ५२६ अश्वशक्ती घेऊन आली. रोजच्या वापरासाठी गाडी हवी होती त्यांचं थांबणं कारणी लागलं. बॉसचा तो आवाज आणि ती लाल चावी मात्र पुन्हा आली नाही.

डॉज चॅलेंजरचं उलट झालं. २०२३ साली 'लास्ट कॉल' नावाने शेवटच्या आवृत्त्या निघाल्या. त्यांतली डेमन १७० ही ई-८५ या इथेनॉल-मिश्रित इंधनावर १०२५ अश्वशक्ती देणारी गाडी होती. डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. तिची जागा घेणारी डॉजचीच नवी चार्जर आधी विजेवर आली, मग ट्विन-टर्बो सहा सिलिंडरमध्ये. बाजारात उतरली तेव्हा तिच्यात व्ही-८ नव्हतं आणि हाताने टाकायचा गिअरही नव्हता. विजेवरची गाडी अडीच टनांहून जड होती. ज्यांना व्ही-८ आणि क्लच पेडल हवं होतं, त्यांच्या हाती थांबून काहीच लागलं नाही. विशेष म्हणजे यातलं बरंचसं आधी कळण्यासारखं होतं. विजेवरच्या चार्जरची कॉन्सेप्ट गाडी ऑगस्ट २०२२ मध्येच दाखवली होती.

तिसरी शेव्हरोले कॅमारो. २०२४च्या मॉडेलनंतर ती बंद झाली, आणि पुढच्या पिढीचं मॉडेल तयार ठेवून ती बंद केलेली नव्हती. हिच्या इतिहासात असं आधीही झालंय. २००२ साली ३५व्या वर्धापनाची आवृत्ती काढून कॅमारो थांबली, ती थेट २०१० मॉडेलपर्यंत आली नाही.

म्हणून आपल्या कागदावर एक प्रश्न ठळक लिहा: मला या गाडीतलं जे सर्वांत जास्त आवडतं, ते नव्या गाडीत असणार आहे का? उत्तर 'नाही' असेल तर आत्ताच घ्या. 'हो, आणि सुधारून' असेल तर थांबा. 'माहीत नाही' असेल तर तेही 'नाही' धरूनच चाला.

चालू पिढीची गाडी नेहमीच्या रस्त्यावर चालवून बघा

डीलरच्या मागच्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं फिरून काही कळत नाही. ऑफिसला जाता तो रस्ता, ट्रॅफिकमधला क्लच, तुमच्या घराच्या उतारावर पुढचं बंपर घासतंय का, हे सगळं बघा. मागच्या सीटवर कोण बसणार आहे? बॉसच्या लागुना सेका आवृत्तीत मागची सीटच नव्हती, तिथे मजबुतीसाठी लोखंडी नळ्या लावलेल्या होत्या. घरात मुलं असतील तर एवढ्यावरच निकाल लागतो.

पूर्ण किंमत लेखी घ्या

अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर कंपनीच्या किमतीचा कागद लावणं कायद्याने बंधनकारक आहे. पण स्पेशल एडिशनवर डीलर 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' म्हणून वर हजारो डॉलर चढवतात. डेमन १७०ची जाहीर किंमत ९६,६६६ डॉलर होती, आणि ठरलेल्या किमतीत विकणाऱ्या डीलरांच्या गाड्या आधी बनवायचं धोरण खुद्द डॉजला जाहीर करावं लागलं. यावरून प्रकार किती बोकाळलाय ते ध्यानात घ्या. फोनवरच्या आकड्याला काही अर्थ नाही. सगळे कर आणि खर्च धरून शेवटचा आकडा ईमेलवर मागवा, निदान तीन डीलरांकडून, आणि त्यातला एक तरी दुसऱ्या राज्यातला असू द्या.

गाडीचं सरकारी चाचणीतलं शहर-महामार्ग मिळून अ‍ॅव्हरेज गॅलनला २२.५ मैलांच्या खाली असेल तर 'गॅस गझलर' कर लागतो. तो १००० डॉलरपासून सुरू होतो. विम्याचा हप्ता गाडी घेण्याआधी विचारा, नेमकी तीच आवृत्ती सांगून. साध्या मॉडेलच्या हप्त्यावरून अंदाज बांधू नका. ट्रॅकसाठीचे मऊ टायर लवकर झिजतात आणि थंडीत चालत नाहीत. मिशिगन किंवा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहत असाल तर हिवाळी टायरांचा दुसरा संच आत्ताच हिशेबात धरा.

भारतात परतण्याचा विचार असलेल्यांसाठी वेगळी सूचना. गाडी पुढेमागे पुण्याला नेऊ, या भरवशावर डाव्या स्टिअरिंगची गाडी घेऊ नका. वापरलेली गाडी आयात करायला उजवं स्टिअरिंग लागतं, आणि वर जबर आयातकर. मस्टँग २०१६ साली भारतात अधिकृतपणे आली, तीसुद्धा नव्या पिढीत कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची सोय झाल्यावर.

थांबायचं ठरलं, तर पहिल्याच वर्षाची गाडी घ्यायची घाई नको

२०१६च्या जीटी ३५० घेणाऱ्यांचा अनुभव बघा. त्या वर्षीच्या काही गाड्यांत ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) आणि डिफरन्शिअल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) थंड ठेवणारे कूलर नव्हते. ट्रॅकवर तापमान वाढलं की गाडी आपोआप ताकद कमी करायची. प्रकरण कोर्टात गेलं. २०१७च्या मॉडेलपासून कूलर सगळ्या गाड्यांना आले. एक वर्ष थांबलेल्याला तीच गाडी जास्त चांगली मिळाली. उलट, संपत आलेल्या पिढीच्या बारीकसारीक तक्रारी तोवर दूर झालेल्या असतात. स्पेशल एडिशनच्या बाजूने हा मुद्दा मला फार वजनदार वाटतो.

ठरलं की बुकिंगचे कागद नीट करा

ऑर्डर स्वीकारण्याची शेवटची तारीख डीलरला विचारा. टोकन परत मिळणार असल्याचं आणि ठरलेली किंमत बदलणार नसल्याचं सहीनिशी घ्या. गाडी हातात घेताना चासी नंबर काचेवरच्या कागदाशी जुळवा आणि तो कागद फाडून न टाकता फाइलमध्ये ठेवा. जुनी बॉस घेत असाल तर दोन्ही चाव्या मागा. लाल चावी मिळाली, तरी गाडीत तिचं सॉफ्टवेअर टाकलेलं आहे का, हे इंजिन सुरू करून तिथेच तपासा. ते असेल तर उभ्या गाडीतही इंजिन अडखळत, ढगढग करत चालतं, आणि साध्या चावीवर ते शांत असतं.