माइल्स प्रोग्राम बदलायचा की नाही: हिशेब कसा मांडावा

एअरलाइनचा माइल्स प्रोग्राम, म्हणजे सारखा प्रवास करणाऱ्याला माइल्स नावाचे गुण आणि सवलती देणारी योजना, बदलायचा विचार मनात आला की आधी येत्या बारा महिन्यांचे प्रवास कागदावर मांडा. किती माइल्स साठलेत, कोणतं कार्ड खिशात आहे, हे त्यानंतर. मी हा क्रम उलटा ठेवला होता आणि त्यात दोन वर्षं गेली.

माझं काम बाटल्या भरणारी यंत्रं बसवून देण्याचं आणि ती बंद पडली की दुरुस्त करण्याचं. सोबत कपड्यांची बॅग आणि १९ किलोची हत्यारांची पेटी. नऊ वर्षं मी एकाच एअरलाइनच्या प्रोग्राममध्ये होते. मग त्या एअरलाइनने माझ्या सर्वांत जास्त वापरातलं थेट विमान बंद केलं. त्याच मार्गावर दुसऱ्या एअरलाइनचं थेट विमान होतं, पण तिचा अलायन्स, म्हणजे एकमेकींचे माइल्स आणि कार्ड मानणाऱ्या एअरलाइन्सचा गट, वेगळा. स्टेटस, म्हणजे नियमित प्रवाशाला मिळणारा सवलतींचा दर्जा, जाईल या भीतीने मी जुन्याच एअरलाइनने, मध्ये एक थांबा घेऊन, जात राहिले. दोन वर्षांनी सगळ्या नोंदी काढून बेरीज केली, तेव्हा स्टेटस टिकवण्यासाठी ६१ तास जादा प्रवासात गेल्याचं दिसलं. थेट विमान घेतलं असतं तर ते तास घरी मिळाले असते. या गोष्टीची मला अजून हळहळ वाटते, आणि तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

कागदावर चार रकाने करा: कुठून कुठे, वर्षात किती वेळा, त्या मार्गावर थेट कोण जातं, आणि तिकीट कोण काढतं. चौथा रकाना बरेच जण सोडून देतात. तिकीट कंपनी काढत असेल तर एअरलाइन निवडायची मोकळीक तुम्हाला किती, हे प्रवासाचं काम बघणाऱ्या माणसाला आधीच विचारून घ्या. पूर्वी माझ्या वर्षभराच्या ५८ उड्डाणांपैकी ४१ जुन्या एअरलाइनची असायची. नवी यादी केली तेव्हा एकूण ३९ आली: १९ दुसऱ्या अलायन्सची, १४ जुन्या एअरलाइनची, ६ किरकोळ. उत्तर अर्धंअधिक तिथेच मिळालं होतं.

आता पाचवा रकाना, बुकिंग क्लासचा. तिकिटावर इकॉनॉमी असं ठळक लिहिलेलं असतं, पण तपशिलात एक इंग्रजी अक्षर असतं. वाय, एम, के, क्यू, असं काहीतरी. माइल्स किती मिळणार हे बऱ्याचदा त्या अक्षरावर ठरतं. लंडन ते सिंगापूर हे अंतर सुमारे ६,७५० मैल आहे. उड्डाण एका एअरलाइनचं आणि माइल्स तिच्या भागीदाराच्या प्रोग्राममध्ये, असं असेल तर हिशेब साधारणपणे अंतर गुणिले त्या अक्षराचा टक्का. दर १०० टक्के असेल तर ६,७५० माइल्स, ५० टक्के असेल तर ३,३७५, आणि सर्वांत स्वस्त अक्षरांना अनेक प्रोग्राममध्ये शून्य. शिवाय त्याच विमानातल्या त्याच सीटला, त्याच अक्षराला, एक प्रोग्राम निम्मे देतो आणि दुसरा काहीच देत नाही. प्रत्येक प्रोग्रामच्या साइटवर भागीदार एअरलाइननुसार तक्ता असतो. गेल्या वर्षीची तिकिटं काढा, त्यावरची अक्षरं उतरवा आणि दोन्ही प्रोग्रामच्या तक्त्यांतून प्रत्येक प्रवास चालवून बघा. मला एक अख्खी संध्याकाळ लागली. पण त्या संध्याकाळीइतकं उपयोगाचं या सगळ्या खटाटोपात दुसरं काही नव्हतं.

माइल्स या शब्दावरही फार विसंबू नका. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हांटेज हा आपला माइल्स प्रोग्राम सुरू केला, तेव्हा हिशेब खरोखर मैलांचा होता. आता अनेक मोठ्या एअरलाइन्स स्वतःच्या तिकिटांवर, मोजलेल्या पैशांच्या प्रमाणात माइल्स देतात. डेल्टा आणि युनायटेड २०१५ मध्ये तिकडे वळल्या, अमेरिकन २०१६ मध्ये, ब्रिटिश एअरवेज २०२३ मध्ये. स्टेटसही त्याच वाटेने गेलं. डेल्टाने २०२४ पासून ते फक्त खर्चावर ठेवलं, ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून मुख्यतः खर्चावर. तेव्हा आपण कोणत्या जातीचे प्रवासी आहोत ते ओळखा. लांबचे प्रवास आणि आधी काढलेली स्वस्त तिकिटं असतील, तर अंतर मोजणाऱ्या भागीदार प्रोग्रामकडे बघा, अर्थात अक्षराचा तक्ता समोर ठेवून. माझं उलट आहे. यंत्र आज बंद पडतं आणि मी उद्या निघते, त्यामुळे माझी तिकिटं जवळच्या अंतराची आणि महाग असतात. पैशांवर चालणारा प्रोग्राम मला जास्त देतो.

माइल्स आणि स्टेटस यांचे हिशेब वेगळे करा. माइल्स म्हणजे साठवलेलं चलन. ते खात्यात राहतं आणि तुम्ही दुसरीकडे गेलात तरी वापरता येतं. स्टेटस म्हणजे ठरावीक मुदतीची सोय. स्टेटसच्या सवलतींची छापील यादी वाचत बसू नका, वर्षभरात तुम्ही काय वापरलं ते लिहा. मी लिहिलं: जादा बॅग २२ वेळा, वेगळी रांग जवळपास दर वेळी, अपग्रेड २ वेळा. म्हणजे मला स्टेटस हवं ते हत्यारांच्या पेटीसाठी. स्टार अलायन्स या गटाच्या गोल्ड या वरच्या दर्जाला, जिथे सामान वजनावर मोजतात तिथे २० किलो जादा, आणि जिथे नग मोजतात तिथे एक नग जादा मिळतो, लाउंजही मिळतो. त्याखालच्या सिल्व्हरला अलायन्सभर मिळणाऱ्या हमीत प्रामुख्याने प्रतीक्षा यादीतलं प्राधान्य येतं, सामान नाही. त्यामुळे माझ्यासाठी प्रश्न एकच उरला: यादीतल्या दुसऱ्या अलायन्सच्या १९ उड्डाणांत मी गोल्डपर्यंत पोचते का? पोचत नसते तर स्टेटस हिशेबातून काढून टाकलं असतं आणि जे विमान सोयीचं ते पकडलं असतं. हा तिसरा पर्याय लोकांना सुचतच नाही. कोणत्याच प्रोग्रामला बांधून न घेणं हाही पूर्ण विचारी निर्णय आहे. तुमची तिकिटं बिझनेस क्लासची असतील तर विशेषतः, कारण लाउंज, जादा सामान आणि वेगळी रांग सहसा तिकिटातच येते.

लाउंजसाठीच स्टेटस हवं असेल तर एक नियम माहीत असू द्या. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सदस्याला अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात केवळ त्या स्टेटसवर युनायटेडच्या लाउंजमध्ये प्रवेश नाही. पण स्टार अलायन्समधल्या दुसऱ्या एअरलाइनचं गोल्ड कार्ड असेल तर आहे. म्हणून ज्या एअरलाइनने तुम्ही जास्त उडता तिचाच प्रोग्राम उत्तम, हे गृहीत धरू नका. त्याच अलायन्समधला दुसरा प्रोग्राम तुम्हाला जास्त देऊ शकतो. प्रवास तोच राहतो, बुकिंगमध्ये फक्त सदस्य नंबर बदलतो. एक उड्डाण मात्र एकाच खात्यात जमा होतं, दोन्हीकडे कधीच नाही.

आता साठलेल्या माइल्सकडे. पाय अडकतो तो इथेच. खातं बंद करायची काही गरज नसते. फक्त माइल्स कधी बाद होतात ते बघा. युनायटेड आणि डेल्टाच्या माइल्सना मुदत नाही. अ‍ॅडव्हांटेजमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर ते जातात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये मिळाल्यापासून ३६ महिन्यांनी जातात, मध्ये प्रवास केला तरी. हालचालीवर मुदत असेल तर एखाद्या छोट्या जमेनेही ती पुढे जाते. मिळाल्या दिवसापासून मुदत असेल तर तारीख लिहून ठेवा आणि त्याआधी तिकीट काढा.

माइल्सची किंमतही स्वतः काढा. ज्या तिकिटावर ते खर्च करणार त्याची रोख किंमत घ्या, त्यातून माइल्सच्या तिकिटावरही भरावे लागणारे कर आणि अधिभार वजा करा, आणि उरलेल्याला माइल्सनी भागा. अधिभार हा मोठा फरक आहे. एकाच विमानाचं तिकीट एका प्रोग्राममधून काढलं तर इंधन अधिभार जबर पडतो, दुसऱ्यातून काढलं तर पडत नाही. युनायटेडचा माइलेजप्लस तो अधिभार लावत नाही; एअर कॅनडाच्या एरोप्लॅनने २०२० च्या नव्या रचनेत तो काढून टाकला. नवा प्रोग्राम निवडताना माइल्स मिळतात किती याइतकंच ते खर्च कसे होतात ते तपासा, आणि तुमच्या खऱ्या मार्गावर, खऱ्या तारखांना माइल्सची तिकिटं दिसतात का ते सदस्य होण्याआधी शोधून बघा.

साठवून ठेवणं मात्र धोक्याचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एअर बर्लिन दिवाळखोरीत गेली आणि पाठोपाठ तिचा टॉपबोनस प्रोग्रामही. अलायन्सही कायमचे नसतात. दक्षिण अमेरिकेतली लाटाम मे २०२० मध्ये वनवर्ल्ड या अलायन्समधून बाहेर पडली. स्कँडिनेव्हियाची एसएएस १ सप्टेंबर २०२४ ला स्टार अलायन्स सोडून स्कायटीम या अलायन्समध्ये गेली. तिच्या सदस्यांनी काहीही केलं नाही, तरी त्यांचं कार्ड ज्या विमानांत चालतं ती विमानं बदलून गेली.

नवीन ठिकाणी शून्यापासून चढावं लागेल ही भीती असेल तर स्टेटस मॅच विचारा. जुन्या कार्डाचा आणि गेल्या वर्षभरातल्या प्रवासांचा पुरावा दिला की अनेक एअरलाइन्स तेवढ्याच दर्जाचं स्टेटस तीन-चार महिन्यांसाठी देतात, आणि त्या काळात ठरलेली उड्डाणं किंवा खर्च पूर्ण केला तर पुढे चालू ठेवतात. त्याच अलायन्समधल्या कार्डावर सहसा मॅच देत नाहीत. बऱ्याच ठिकाणी ही संधी एकदाच, किंवा काही वर्षांतून एकदा मिळते. म्हणून जुनं स्टेटस जिवंत असताना, आणि तुमच्या धावपळीचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर अर्ज करा. माझ्याकडे मार्च ते जून यंत्रं बसवण्याचं काम दाटून येतं. मी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज केला आणि मुदतीचे सगळे महिने कामी लागले. वर्षाची मोजणीही बघून घ्या: कुठे ती जानेवारी ते डिसेंबर असते, कुठे सदस्य झाल्या महिन्यापासून. डिसेंबरात मोजणी संपणाऱ्या प्रोग्राममध्ये ऑक्टोबरात नव्याने सुरुवात करू नका.

कधी बदलू नये? आजीवन स्टेटसच्या जवळ असाल तर थांबा. युनायटेडमध्ये १० लाख मैल झाले की आयुष्यभराचं गोल्ड मिळतं. ९ लाखांवर असताना सोडून जाणं मी कुणालाही सुचवणार नाही. आणि आपण बदलतोय तो प्रोग्राम खरोखर वेगळा आहे का तेही पाहा. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एअर लिंगस, कतार आणि फिनएअर या सगळ्यांचं चलन अ‍ॅव्हिऑस आहे, आणि ते एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येतं. तिथे साठलेल्या माइल्सची चिंता करायचं कारणच नाही, फक्त स्टेटसचा विचार करा.

प्रत्यक्ष बदल करताना माझी एक चूक झाली, ती टाळा. काही तिकिटं जुन्या नंबरवर आधीच निघाली होती. नवं खातं उघडलं त्याच आठवड्यात एका चेक-इनला मी नंबर बदलून घेतला. नव्या खात्यावर अजून स्टेटस चढलेलं नव्हतं, त्यामुळे हत्यारांची पेटी जादा सामान ठरली आणि तिचे पैसे भरावे लागले. नव्या एअरलाइनच्या अ‍ॅपमध्ये टियर, म्हणजे स्टेटसची पायरी, दिसेपर्यंत नंबर बदलू नका. जुन्या स्टेटसवर सीट किंवा सामान मिळालेलं तिकीट जुन्याच नंबरवर राहू द्या. तेवढी तीन-चार उड्डाणं जुन्या खात्यात गेली तरी चालतील.

नंबर बदलला की प्रत्येक बोर्डिंग पास हातात घेऊन त्यावर कोणता नंबर आणि कोणता टियर छापलाय ते बघा. कंपनीच्या प्रवास प्रणालीत तुमचा जुना नंबर साठवलेला असतो आणि तो नव्या तिकिटांवर आपोआप चढतो. तिथेही बदलून घ्या. माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास टाकू नका. राहून गेलेल्या माइल्सचा दावा करायला ठरावीक मुदत असते, काही ठिकाणी सहा महिने, काही ठिकाणी वर्ष. माझ्या पहिल्या पाच उड्डाणांपैकी दोन जमाच झाली नव्हती. दोन्हींचे बोर्डिंग पास पेटीच्या झाकणातल्या कप्प्यात होते. फोटो काढून पाठवले, आणि तीन आठवड्यांत दोन्ही चढली.