सुका कचरा वेगळा करताय? मग या चुका टाळा

ओला-सुका वेगळा केला की आपलं काम संपलं, असं पुष्कळांना वाटतं. पण सुक्यातलं काय भंगारात विकलं जाईल आणि काय डेपोत जाईल, ते बरंचसं आपल्या घरातच ठरतं. पुण्यात 2008 साली महापालिकेशी करार करून काम सुरू केलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई हा कचरा हाताने निवडतात आणि त्यातलं भंगार विकतात. आपल्या चुकीचा फटका थेट त्यांच्या कमाईला बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खरकटा डबा तसाच टाकणं. पार्सलच्या डब्यातली आमटी सांडली की खालची रद्दी आणि पुठ्ठाही वाया जातो, कारण कागदात मुरलेलं तेल लगदा करतानाही पूर्ण निघत नाही. भांडी विसळल्यावर उरलेल्या पाण्यात डबा बुचकळून निथळत ठेवा. साबण नको. सुक्याच्या डब्याला वास येत असेल, तर आत कुठेतरी ओलं गेलंय हे नक्की.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका. नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या. पिशवीला गिऱ्हाईक आहे. तो तुकडा मात्र गटारातच जातो.

पाण्याच्या, शीतपेयाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या म्हणजे ‘पेट’ बाटलीला झाकण असलं तरी चालतं. कारखान्यात चुरा पाण्यात टाकला की पेट बुडतं, झाकणाचं प्लास्टिक तरंगतं. खरी अडचण बाटलीभर घट्ट बसवलेल्या वेष्टणाची. ते पुष्कळदा पीव्हीसी या वेगळ्या प्लास्टिकचं असतं आणि पेटबरोबरच बुडतं. पुढे वितळवताना त्यातून आम्ल सुटतं आणि अख्खा माल पिवळा पडतो. म्हणून ते फाडून काढा.

बाटली-डब्यावरच्या त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पुनर्वापराची हमी देत नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. हे थर सुटे होत नाहीत, वजनही नगण्य, त्यामुळे भंगारवाला ते घेत नाही. अशी पाकिटं बाटलीत कोंबून ‘इकोब्रिक’ करणं मला पटत नाही. विकली जाणारी बाटलीही त्यात अडकते. ज्यूसच्या खोक्यात साधारण तीन चतुर्थांश कागद असतो, तरी ते रद्दीत घालू नका. चपटं करून वेगळं द्या.

सॅनिटरी पॅड आणि डायपर सुक्यात कधीच नकोत. कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि ताईंच्या हातात वेगळे द्या.