जिओकॅशिंगसाठी हँडहेल्ड जीपीएस : या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी तिच्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढायचा खेळ. त्यात डबी सापडली नाही की सगळा राग हातातल्या जीपीएस यंत्रावर निघतो. ‘सिग्नलच धड नव्हता’, ‘बाण उलटाच दाखवत होता’, ‘यापेक्षा फोन बरा’. खरं तर यंत्र बिघडल्यामुळे फसलेले शोध फार थोडे. बाकीचे फसतात ते घरीच चुकलेल्या एखाद्या सेटिंगमुळे, नाहीतर यंत्राकडून त्याच्या कुवतीबाहेरची अपेक्षा ठेवल्यामुळे.

ही कुवत किती, ते आधी बघू. मे २००० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिका नागरी जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि त्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत सरकलेली असायची. २ मे रोजी ही भेसळ बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. खेळ सुरू झाला तो तिथून. आज मोकळ्या आकाशाखाली चांगलं हँडहेल्ड साधारण तीन ते पाच मीटरच्या आत जागा सांगतं. दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी तेच यंत्र दहा मीटर, कधी त्याहूनही जास्त चुकतं. शिवाय हे झालं तुमच्या यंत्राचं. डबी लपवणाऱ्याच्या यंत्रानेही तिथे उभं राहून अशीच चूक केलेली असते. स्क्रीनवर ‘± ३ मीटर’ दिसतं तो यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो, हमी नव्हे.

विकत घेताना

नकाशे, कॅमेरा, हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक यांची यादी बघून हुरळून जाऊ नका. डबी शोधताना यातल्या कशावाचूनही अडत नाही. अडतं ते इलेक्ट्रॉनिक होकायंत्रावाचून. ते नसलेलं यंत्र दिशा ओळखतं ती तुमच्या चालण्यावरून. तुम्ही थांबलात की बाण भरकटतो, आणि जिओकॅशिंगमध्ये नेमकं शेवटी थांबावंच लागतं. एकाच मालिकेतल्या दोन जुळ्या दिसणाऱ्या मॉडेलांतही कधीकधी हा फरक असतो : गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्समध्ये होकायंत्र नाही, ३२एक्समध्ये आहे. मोठ्या नकाशासाठी पैसे मोजण्याआधी हे तपासा.

बटणं की टचस्क्रीन, हा आवडीचा प्रश्न वाटतो, पण पावसात ओल्या बोटांनी किंवा हातमोजे घालून टचस्क्रीन वापरून पाहा, उत्तर लगेच मिळेल. एकाहून जास्त उपग्रह प्रणाली पकडणारं यंत्र घ्यावं. दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारं मिळालं तर कडे-इमारतींच्या आसपास त्याचा फायदा जाणवतो. मैदानात फारसा नाही.

जुनं यंत्र घेत असाल तर आधी त्यातली तारीख बघा. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यावर येतं. असं शेवटचं एप्रिल २०१९ मध्ये झालं. अपडेट न केलेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बहुतेक बरोबरच येते, पण शोधांची नोंद आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा भलत्याच होतात. यूएसबीवरचं रबरी झाकणही दाबून बघा. आयपीएक्स७ हा पाणीरोधक दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग, पण झाकण नीट बसत असेल तरच.

आकडे भरताना

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं अशी पद्धत चालते, उदाहरणार्थ उत्तर ४५° १२.३४५'. यात सेकंद कुठेच नाहीत. यंत्र अंश-मिनिट-सेकंद या पद्धतीवर ठेवलेलं असेल आणि तुम्ही १२ मिनिटं ३४.५ सेकंद असं भरलंत, तर तुम्ही खऱ्या जागेपासून सव्वाचारशे मीटरवर शोधत बसाल. कारण .३४५ मिनिट म्हणजे २०.७ सेकंद, आणि अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर. हेच आकडे ४५.१२३४५ अंश असे भरले तर नऊ किलोमीटरची फेरी पक्की.

यातली गंमत अशी की दशांशानंतरचे आकडे ६०० च्या पुढे असले तर यंत्र ते सेकंद म्हणून घेतच नाही. चूक तिथेच उघडी पडते. त्यापेक्षा कमी असले की यंत्र मुकाट्याने स्वीकारतं आणि तुम्हाला खुशाल दुसऱ्याच रानात पाठवतं.

पद्धतीच्या शेजारीच आणखी एक सेटिंग असतं, मॅप डेटमचं, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मोजमापावर बसवायचे त्याचं. ते डब्ल्यूजीएस ८४ वरच हवं. एखादा जुना कागदी नकाशा जुळवताना ते बदललेलं असतं आणि परत ठेवायचं राहून जातं. मग आकडे अगदी बरोबर भरूनही जागा सरकते. जपानच्या जुन्या टोकियो डेटममध्ये हा फरक चारशे मीटरच्या पुढे जातो. ओळखायची खूण सोपी : एकाच दिवशीच्या सगळ्या डब्या एकाच दिशेला, सारख्याच अंतराने चुकत असतील, तर सिग्नलला दोष देऊ नका, डेटम बघा.

हाताने आकडे भरायचे टाळता आले तर उत्तमच. डब्यांची माहिती असलेली जीपीएक्स फाइल यंत्रात टाकली की वर्णन, हिंट आणि आधीच्या शोधकांच्या नोंदीही सोबत येतात. फाइल टाकूनही डब्या दिसत नसतील तर ती योग्य फोल्डरमध्ये गेली आहे का ते पाहा, आणि संगणकाला यंत्रच दिसत नसेल तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबली घराघरात पडलेल्या असतात. त्यांतून डेटा जात नाही.

बाण गोल फिरतोय

सेल बदलल्यावर होकायंत्र पुन्हा जुळवावं लागतं, आणि बहुतेक जण हे विसरतात. ते मोकळ्या जागी करा, गाडीच्या बॉनेटवर ठेवून नको. फोन, चुंबकाचं बटण असलेलं पाकीट, गळ्यातली चुंबकी पट्टी, सगळं दूर. ज्या यंत्रात झुकाव सांभाळणारं होकायंत्र नाही, ते समतल धरलं नाही तर जुळवूनही चुकीची दिशा दाखवतं.

यंत्र कसं धरायचं हेही त्याच्या अँटेनावर ठरतं. वर खुंटीसारखी अँटेना निघालेली असेल तर उभं धरा. सपाट अँटेनाचं यंत्र आकाशाकडे तोंड करून आडवं. खिशात किंवा छातीजवळ लटकवलेल्या यंत्राचं अर्धं आकाश तुमचंच शरीर झाकून टाकतं. उपग्रहांच्या सिग्नलला पाणी आवडत नाही, आणि माणूस बराचसा पाणीच. पावसानंतर ओल्या पानांखाली अचूकता ढासळते ती त्याचमुळे.

महिनोनमहिने बंद असलेलं यंत्र चालू केल्या केल्या घेऊन पळू नका. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, पण सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पुरं उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. मोकळ्यावर ठेवा, तोवर बुटांच्या नाड्या बांधा.

एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘मी शेतात उभा आहे आणि यंत्र म्हणतंय रस्त्यावर आहे.’ नकाशाच्या सेटिंगमधलं ‘लॉक ऑन रोड’ बंद करा. मार्गाची पद्धतही सरळ रेषेची ठेवा, नाहीतर डबी शंभर मीटरवर असताना यंत्र तुम्हाला वळसा घालून पाठवेल. मात्र सरळ रेषेतलं अंतर म्हणजे चालायचं अंतर नव्हे. मध्ये नदी आहे की दरी, हे बाणाला ठाऊक नसतं. निघण्यापूर्वी उंचीच्या रेषा बघा, आणि गाडी लावलेल्या जागेचा वेपॉइंट, म्हणजे यंत्रात साठवलेली खूण, सगळ्यात आधी करा. जाताना हे कुणाला सुचत नाही, अंधार पडल्यावर सगळ्यांना आठवतं.

शेवटचे दहा मीटर

इथे बरेच जण यंत्राच्या मागे मागे नाचतात. बाण डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे वळला की उजवीकडे, आणि प्रत्येक पावलाला अंतर बदलतं. हा नाच थांबवा. पंचवीस-तीस मीटरवर उभे राहा, आकडा स्थिरावू द्या, बाण कुठल्या झाडाकडे किंवा दगडाकडे रोखलाय ते डोळ्यांत ठेवा. मग साधारण काटकोनात बाजूला जाऊन तेच पुन्हा करा. दोन्ही रेषा जिथे भेटतात तिथून शोध सुरू करायचा. आता यंत्र खिशात.

यापुढचं काम डोळ्यांचं आणि वर्णनाचं. डबीचा आकार, अवघडपणाचे १ ते ५ मधले गुण, हिंट, हे वाचून आधी लपवायला जागा कुठे कुठे असू शकते ते ठरवा. नैसर्गिक नसलेली दगडांची रास, उगाच आडवी टाकलेली फांदी. दहा मीटरच्या वर्तुळात सापडलं नाही तर पंधराचं करा, पण त्याच बुंध्याभोवती पुन्हा पुन्हा फिरू नका. गवत तुडवलं जातं आणि पुढच्याची मजा जाते.

सेल

रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचा, साधा अल्कलाइन १.५ व्होल्टचा. यंत्रात सेलचा प्रकार चुकीचा निवडलेला असेल तर भरलेला सेलही रिकामा दिसतो. थंडीत लिथियम सेल टिकतात. हंगाम संपला की सेल काढून ठेवा, गळलेल्या सेलमुळे पत्रे गंजलेली यंत्रं दुरुस्तीला फार येतात.

स्वतः डबी लपवताना

इथली चूक तुमच्यापुरती राहत नाही, येणाऱ्या प्रत्येकाच्या माथी बसते. एकदाच बटण दाबून घेतलेली जागा कधीही देऊ नका. वेपॉइंट सरासरीची, म्हणजे एकाच जागेच्या अनेक नोंदींची सरासरी काढायची, सोय असेल तर चार ते आठ नमुने घ्या, आणि दोन नमुन्यांमध्ये किमान दीड तास जाऊ द्या. पाठोपाठ घेतलेले नमुने तेच उपग्रह त्याच जागी असताना घेतलेले असतात, त्यामुळे सगळ्यांत एकच चूक उतरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात तर आणखी चांगलं. शेवटी पन्नास मीटर लांब जा, मिळालेले आकडे नव्याने भरा आणि वेगवेगळ्या बाजूंनी डबीपर्यंत चालत या. प्रत्येक वेळी बाण एकाच चुकीच्या झुडपाशी आणून सोडत असेल, तर आकडे प्रसिद्ध करू नका, नमुने पुन्हा घ्या.